पहिला मेल: ओळख नसलेल्या माणसाला काय लिहावे?

‘सर, समोरच्याशी ओळख नाही, पाळख नाही. त्याला मेल लिहायचाय. सुरुवात काय करू?’

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा हा प्रश्न विचारतो. सुप्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखानदार विचारतो. अकोले तालुक्यात हातसडीचा तांदूळ विकू पाहणाऱ्या बचत गटाच्या अध्यक्षाही विचारतात. तिघांकडे सांगण्यासारखे भरपूर असते, मोबाइलवर मेलही उघडलेला असतो. तरी ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून बोट थांबते. मग ‘रिस्पेक्टेड’ खोडून ‘आदरणीय’ होते, तेही जड वाटते आणि मेल मसुद्यांच्या खणात पडून राहतो.

या प्रकरणात त्या अडलेल्या बोटाचाच विचार करायचा आहे. मेल कसा पाठवतात हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. ज्याने आपले नावही ऐकलेले नाही, त्याने आपले चार शब्द वाचावेत आणि उत्तर द्यावे यासाठी काय लिहावे, हे मात्र कोणी शिकवत नाही.

१. पुणतांब्याचा कोरा कागद

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. राहाता तालुक्यात गोदावरीच्या काठी पुणतांबे आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरून शिर्डीकडे जाणारा फाटा इथेच फुटतो. याच गावात चांगदेवांची समाधी आहे. परंपरा सांगते की, चांगदेव चौदाशे वर्षांचे योगी होते. ज्ञानेश्वरांची कीर्ती त्यांच्या कानावर आली आणि भेटीआधी पत्र पाठवावे असे त्यांनी ठरवले. कागद समोर घेतला आणि पहिल्याच शब्दाला हात अडला. ‘चिरंजीव’ लिहावे तर समोरचा मुलगा ज्ञानाने मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावे तर तो वयाने लहान. शेवटी चांगदेवांनी कागद कोराच पाठवला. तो पाहून मुक्ताबाईने म्हटले की, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला. पुढे निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या पत्राला ६५ ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच चांगदेव पासष्टी.

कथा परंपरेची असली, तरी तिच्यातली अडचण अगदी खरी आहे. त्या काळात पत्राचा मायना पाहूनच कोण वडील, कोण धाकटा, कोण धनी, कोण चाकर हे कळे. यादवांचे मंत्री हेमाडपंत यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मेस्तकांमध्ये कोणाला कोणत्या शब्दांनी लिहावे याचे नमुने दिलेले असत. पुढे पेशवाईच्या दफ्तरातही ‘राजमान्य राजश्री’पासून ‘विनंती विशेष’पर्यंत सारे ठरलेले होते. समोरच्याचे वय, हुद्दा आणि नाते माहीत असेल, तर या पद्धतीत कुठेच अडत नसे. अडे ते फक्त चांगदेवांसारख्याचे, ज्याला समोरच्याची नेमकी पायरी ठरवता येत नव्हती.

आज पहिला मेल लिहिणारा प्रत्येक जण त्याच जागी असतो. पुण्यातल्या एखाद्या कंपनीची खरेदी व्यवस्थापक २८ वर्षांची आहे की ५५ वर्षांची, हे श्रीगोंद्यातल्या एखाद्या तरुणीला कसे कळणार? म्हणून आता सर्वांत सोपा मार्ग तोच सर्वांत चांगला. ‘नमस्कार’ लिहावे, पुढे पूर्ण नाव आणि ‘सर’ किंवा ‘मॅडम’. नावामागे डॉक्टर, प्राध्यापक असेल तर ते जरूर लावावे. स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ किंवा ‘कु.’ लावण्याचा मोह टाळावा. तिचे लग्न झाले आहे की नाही याचा मालाच्या खरेदीशी संबंध नाही. ‘श्रीमती’ लिहिले की भागते, आणि नुसते नाव व मॅडमही चालते. ‘ताई’, ‘दादा’, ‘भाऊ’ हे नगरच्या बोलण्यातले जिव्हाळ्याचे शब्द आहेत. ते दुसऱ्या-तिसऱ्या मेलमध्ये, समोरून तसा सूर आला की वापरावेत.

नावाचे अक्षर मात्र चुकू नये. ज्याला ज्या स्पेलिंगने आपले नाव लिहिलेले आवडते, तसेच ते लिहावे. कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा व्हिजिटिंग कार्डावर ते असतेच. ते पाहायला एक मिनिटही लागत नाही.

संबोधनाचा प्रश्न इथे संपला. आता खरा प्रश्न. चांगदेवांच्या पत्रात काय विचारले होते, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण त्यात काहीच नव्हते. समोर ज्ञानेश्वर होते म्हणून उत्तर आले. खरेदी व्यवस्थापकाला, शास्त्रज्ञाला किंवा संपादकाला दिवसाला ढीगभर मेल येतात. त्याला मागणी कळलीच नाही, तर तो उत्तर कशाला देणार आणि देणार तरी काय?

२. पानभरही नसलेले एक पत्र

मागणी कशी करावी, हे शिकण्यासाठी मराठी माणसाने लिहिलेले एक पत्र मुद्दाम अभ्यासावे. २ जुलै १९४६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बोइस यांना पत्र लिहिले. दोघांची कधी भेट झालेली नव्हती. बाबासाहेब तेव्हा ५५ वर्षांचे होते, दु बोइस ७८ वर्षांचे. हे पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील ग्रंथालयात, दु बोइस यांच्या कागदपत्रांत जपून ठेवलेले आहे.

पत्र छोटे आहे. आपली प्रत्यक्ष भेट नाही, पण पीडितांच्या मुक्तीसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला जसे तुमचे नाव माहीत असते तसे मलाही आहे, अशी सुरुवात. मग स्वतःची ओळख: मी भारतातल्या अस्पृश्यांपैकी आहे, माझे नाव कदाचित तुमच्या कानावर आले असेल. त्यानंतर, तुमचे लेखन मी सातत्याने वाचत आलो आहे आणि आमच्या व तुमच्या लोकांच्या स्थितीत फार साम्य आहे, हे दोन-तीन वाक्यांत. पुढे निमित्त: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे निवेदन दिल्याचे वाचनात आले, आमचाही तसा विचार चालू आहे. आणि मग मागणी. त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मिळवून माझ्या पत्त्यावर पाठवाल का? शेवटी आभार.

दोन-तीन प्रती, बस्स.

या मागणीकडे थोडे थांबून पाहायला हवे. विषय केवढा होता? कोट्यवधी माणसांच्या हक्कांचा. पत्र लिहिणारा कोण होता? कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला, बॅरिस्टर झालेला, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळलेला नेता. त्याला ‘आपण दोन्ही चळवळींनी मिळून काम करू’, ‘तुम्ही आम्हाला मार्गदर्शन करा’ असे भारदस्त काहीही मागता आले असते. अशा मागणीला समोरच्याने काय उत्तर द्यायचे? विचार करतो, कळवतो, एवढेच. दोन-तीन प्रती मागितल्यावर मात्र समोरच्याला लगेच काही करता येते. कागद पाकिटात घालून टपालात टाकता येतो.

झालेही तसेच. ३१ जुलै १९४६ रोजी, म्हणजे पत्र लिहिल्यापासून महिन्याच्या आत, दु बोइस यांनी उत्तर लिहिले. नॅशनल निग्रो काँग्रेस या संघटनेचे निवेदन त्यांनी सोबत पाठवले. एनएएसीपी ही मोठी संस्था याहून सविस्तर निवेदन तयार करण्याची शक्यता आहे आणि तसे झाल्यास त्याचीही प्रत पाठवीन, असे आपणहून कळवले. तुमचे नाव आणि काम मी ऐकून आहे, पुढेही काही करता आले तर आनंद वाटेल, असेही लिहिले. मागितल्यापेक्षा जास्त मिळाले, आणि तेही नेमके मागितल्यामुळे.

आणखी एक गोष्ट त्या पत्रातल्या गाळलेल्या मजकुरातून शिकता येते. बाबासाहेबांनी मजकुरात आपल्या पदव्या आणि पदे लिहिली नाहीत. त्यांनी ओळख दिली ती समोरच्याच्या कामाशी जोडलेली: मी अस्पृश्यांपैकी आहे. समोरच्याला हे पत्र का वाचायचे, ते एवढ्यानेच कळले. हल्लीच्या पहिल्या मेलमध्ये माणसे नेमके उलटे करतात. स्थापनेचे वर्ष, पुरस्कार, शाखांची संख्या यांनी दोन परिच्छेद भरतात आणि ‘तुम्हालाच का लिहितो आहे’ हे एक वाक्य राहून जाते.

३. श्रीगोंद्याचे लिंबू आणि दोन मेल

आता एक उदाहरण सोडवून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण लिंबू खरे आहे.

श्रीगोंदा आणि कर्जत तालुक्यांत कागदी लिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर आहेत. राहुरीच्या विद्यापीठाने काढलेला साई शरबती हा वाण या भागात ओळखीचा आहे. साल पातळ, रस भरपूर. उन्हाळ्यात लिंबाला गिऱ्हाईक असते तेव्हा झाडावर फळ थोडे. आंबे बहाराचे फळ पावसाळ्यात एकदम निघते, बाजार समितीत गोण्यांवर गोण्या उतरतात आणि भाव खाली येतो. अशा वेळी लोणचे किंवा रस करणाऱ्या कारखान्याने थोडा माल नियमित घेतला, तर शेतकऱ्याला आधार मिळतो.

समजा, तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत नुकतीच रुजू झालेली तरुण व्यवस्थापक आहे. अशी कंपनी म्हणजे किमान १० शेतकऱ्यांनी कंपनी कायद्याखाली एकत्र येऊन नोंदवलेली, शेतकऱ्यांच्याच मालकीची कंपनी. २००२ च्या कायदाबदलाने ही सोय झाली. पुण्यातल्या एका लोणचे उत्पादकाच्या खरेदी व्यवस्थापकाला तिला मेल लिहायचा आहे. तिचा पहिला मसुदा असा:

विषय: बिझनेस संदर्भात

रिस्पेक्टेड सर,
आमची कंपनी ही एक अग्रगण्य शेतकरी उत्पादक कंपनी असून दर्जा हेच आमचे ध्येय आहे. आपल्यासारख्या नामांकित उद्योगाशी दीर्घकालीन व्यावसायिक संबंध प्रस्थापित करण्याची आमची मनापासून इच्छा आहे. सोबत कंपनीची प्रोफाइल जोडली आहे. कृपया विचार व्हावा व सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

व्याकरण ठीक आहे, भाषा नम्र आहे. पण या मेलमध्ये ‘लिंबू’ हा शब्दच नाही. वाचणाऱ्याला माल कोणता, कुठला, कधी मिळणार आणि त्याने आत्ता करायचे काय, यातले काहीही कळत नाही. ते कळायचे तर जोडलेली फाइल उघडायला हवी, आणि अनोळखी पत्त्यावरून आलेली फाइल उघडू नये असे आज प्रत्येक कार्यालयात सांगितलेले असते. हाच मजकूर साखर कारखान्याने किंवा विमा कंपनीने पाठवला असता तरी ‘शेतकरी उत्पादक’ सोडून एकही शब्द बदलावा लागला नसता. जो मेल कोणालाही पाठवता येतो, तो आपल्यासाठी लिहिलेला नाही हे वाचणारा क्षणात ओळखतो.

आता दुसरा मसुदा:

विषय: श्रीगोंद्याचे कागदी लिंबू, लोणच्यासाठी ५ किलो नमुना पाठवू का?

नमस्कार (पूर्ण नाव) सर,

मी श्रीगोंदा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहते. गेल्या डिसेंबरात मोशीच्या किसान प्रदर्शनात आपल्या दालनावरून आपले कार्ड घेतले होते. तिथे लिंबाच्या लोणच्याचे आपले तीन प्रकार पाहिले.

आमच्या सभासदांच्या बागा बहुतेक साई शरबती वाणाच्या आहेत. जून ते ऑगस्ट या काळात आंबे बहाराचे फळ निघेल. खैऱ्या रोगाचे डाग असलेले फळ आम्ही हाताने निवडून वेगळे काढतो.

आपल्या लोणच्याला हे फळ चालेल का, हे पाहण्यासाठी ५ किलोचा नमुना आमच्या खर्चाने पाठवायचा आहे. पाठवू का, आणि कोणाच्या नावे पाठवू?

आतापर्यंत आमचा सगळा माल बाजार समितीतच जातो. प्रक्रिया उद्योगाला आम्ही अजून माल दिलेला नाही. त्यामुळे आपली प्रतवारी आणि पॅकिंगची पद्धत आम्हाला समजून घ्यावी लागेल.

आपली,
(नाव, पद, कंपनीचे नाव व नोंदणी क्रमांक)
श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)
(मोबाइल क्रमांक)

दोन्ही मसुदे वाचून झाल्यावर विषयाच्या ओळीकडे पुन्हा यावे. मोबाइलच्या पडद्यावर विषयातले सुरुवातीचे काही शब्दच दिसतात, बाकीची ओळ कापली जाते. म्हणून गाव आणि माल आधी आले. ‘संदर्भात’, ‘बाबत’, ‘नम्र विनंती’ हे शब्द पुढे असते तर तेवढेच दिसले असते. विषयातच प्रश्न असल्यामुळे मेल न उघडताही काय हवे आहे ते कळते.

‘कार्ड कुठे मिळाले’ हे वाक्य लहान आहे, पण ते गाळू नये. खेड्यात अनोळखी पाहुणा दारात उभा राहिला की घरधनी आधी ‘कुठल्या गावचे, कोणाकडचे?’ एवढेच विचारतो, आणि त्याचे उत्तर पटले की आत बोलावतो. मेल वाचणाऱ्याच्या मनातही पहिला प्रश्न तोच असतो: याला माझा पत्ता कसा मिळाला? त्याचे खरे उत्तर पहिल्या दोन ओळींत द्यावे. दोघांच्या ओळखीचे कोणी असेल तर त्यांचे नाव जरूर लिहावे, मात्र त्यांना विचारूनच. नगर जिल्ह्यात अर्धी कामे ओळखीने होतात आणि ओळखीला मान आहे. न विचारता नाव वापरल्याचे कळले, तर तोच मान उलटतो.

तिसरा परिच्छेद म्हणजे मेलचा प्राण. तिथे ५ किलोच मागितले आहेत, किंबहुना द्यायचे म्हटले आहे. हंगामाचा करार मागितला असता तर व्यवस्थापकाला वरिष्ठांना विचारावे लागले असते, दर काढावे लागले असते, आणि मेल ‘नंतर पाहू’च्या ढिगात गेला असता. नमुन्याला ‘हो, पाठवा, अमुक व्यक्तीच्या नावे’ एवढे चार-पाच शब्दांचे उत्तर पुरते. ते चहा पिता पिताही देता येते.

पहिल्या मेलमध्ये एकच मागणी असावी, आणि ती अशी असावी की समोरच्याला उठावे लागू नये, कोणाची परवानगी काढावी लागू नये. नोकरी शोधणाऱ्या पदवीधराने ‘मला संधी द्यावी’ असे लिहिण्यापेक्षा ‘आपल्या ठिबक विभागात नव्या उमेदवारांकडून कोणते काम अपेक्षित असते, याबद्दल फोनवर दहा मिनिटे बोलता येईल का?’ असे लिहावे. सुप्याच्या कारखानदाराने आपली सगळी यंत्रे मोजून दाखवण्यापेक्षा एका विशिष्ट भागाचे रेखाचित्र मागावे आणि त्यावर दर काढून देण्याची तयारी सांगावी.

वेळेचेही तसेच आहे. फळ जूनमध्ये निघणार असेल तर मेल एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात जायला हवा. गोण्या बाजार समितीत पडून असताना लिहिलेल्या मेलमध्ये घाई दिसते, आणि घाईत असलेल्याला भाव कमी मिळतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

४. आपले कच्चे दुवे सांगावेत का?

वरच्या मेलमधले एक वाक्य अनेकांना खटकेल. ‘प्रक्रिया उद्योगाला आम्ही अजून माल दिलेला नाही’ असे आपणहून कशाला सांगायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणतातच.

याचे उत्तर आनंदीबाई जोशींच्या एका पत्रात आहे. जून १८८३ मध्ये त्या अमेरिकेत उतरल्या आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या कार्यकारी समितीवरील आल्फ्रेड जोन्स यांना प्रवेशासाठी पत्र लिहिले. वय १८ वर्षे. प्रवेशासाठी लागणारे शिक्षण आपल्याकडे पुरेसे नसेल, हे त्यांनी त्यात लपवले नाही. त्याबरोबरच सांगितले की, जवळची माणसे आणि जात यांचा एकवटलेला विरोध पत्करून इथवर आणणारा निश्चय पुढच्या अभ्यासातही उपयोगी पडेल. आणि येण्याचे कारण सांगितले: आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना वैद्यकीय मदत द्यायची आहे. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर डॉक्टर झाल्या.

त्या पत्रात उणीव आहे, पण एकटी नाही. तिच्या लगेच पुढे, ती असूनही मी हे का करू शकेन याचा आधार आहे. उणीव आधी कळली तर समोरचा तिची सोय करतो, आणि मागाहून कळली तर विश्वास जातो. लिंबाच्या मेलमध्ये ‘समजून घ्यावी लागेल’ हे शब्द हेच काम करतात. हे कसब नवशिक्याला फार उपयोगी आहे आणि ते वापरायला धीर लागतो. अनुभवी खरेदीदाराला ‘अग्रगण्य’ हा शब्द रोजच दिसतो. ‘हे आम्ही अजून केलेले नाही’ हे वाक्य त्याला क्वचितच वाचायला मिळते, आणि म्हणून ते लक्षात राहते.

५. मेल तिसऱ्याच माणसापुढे उघडतो

आनंदीबाईंच्या कहाणीत याआधीचे एक पत्र आहे, आणि त्याची वाट फार विलक्षण आहे. १८७८ मध्ये आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी कोल्हापूरहून अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र लिहिले. पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी विचारणा त्यात होती. धर्मांतराच्या अपेक्षेपाशी ते बोलणे अडले. पण वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो अंक दंतवैद्याकडे वाट पाहत बसलेल्या असताना वाचला. १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना आपणहून पत्र लिहिले. पुढे आनंदीबाई अमेरिकेत गेल्या त्या त्यांच्याच घरी.

ज्याला लिहिले त्याच्याकडून काम झाले नाही. ज्या बाईचे नावही ठाऊक नव्हते, तिच्याकडून झाले.

कार्यालयातला मेलही असाच फिरतो. खरेदी व्यवस्थापक तो गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाला पुढे पाठवतो, विभागप्रमुख प्रयोगशाळेतल्या कोणाला तरी. त्या तिसऱ्या माणसाला आधीचे काहीही माहीत नसते. म्हणून मेलचा मजकूर स्वतःच्या पायावर उभा असावा. ‘आपल्याशी बोलणे झाल्याप्रमाणे’ असे लिहून थांबू नये, काय बोलणे झाले ते एका वाक्यात द्यावे. नाव, हुद्दा, गाव, मोबाइल हे मेलच्या तळाशी मजकूर म्हणून असावे. चित्रात गुंतवलेले व्हिजिटिंग कार्ड पुढे पाठवताना बऱ्याचदा गळून पडते.

इथेच प्रतींचा मुद्दा येतो. मेलमध्ये सीसीच्या रकान्यात टाकलेले पत्ते सर्वांना दिसतात, बीसीसीतले दिसत नाहीत. चाळीस कंपन्यांना एकाच वेळी तोच मेल पाठवून सगळे पत्ते उघडे ठेवले, तर प्रत्येकाला कळते की आपण चाळिसातले एक आहोत. बीसीसीने पत्ते झाकले जातात, पण मजकूर चाळिसांसाठीचाच राहतो. त्यापेक्षा पाच कंपन्या निवडाव्यात आणि पाच वेगळे मेल लिहावेत. त्यात बदलावी लागते ती पहिली दोन-तीन वाक्ये, पण ती शोधायला प्रत्येकाबद्दल थोडे वाचावे लागते. तो वेळ वाया जात नाही.

६. मराठीत की इंग्रजीत?

समोरचा रोजच्या कामात जी भाषा वापरतो, तिच्यात. जिल्हा परिषदेला, तहसीलला, कृषी अधिकाऱ्याला मराठीत लिहावे. १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही राज्यकारभाराची भाषा आहे. पुण्या-नाशिकच्या मराठी उद्योजकाला मराठीत लिहिलेला स्वच्छ मेल ओढूनताणून लिहिलेल्या इंग्रजीपेक्षा केव्हाही बरा. चेन्नई किंवा बडोद्याच्या खरेदीदाराला इंग्रजी किंवा हिंदी लागेल. तिथेही आधी मराठीत विचार पक्का करावा, वाक्ये आखूड ठेवावीत आणि मग भाषा बदलावी.

मराठीत लिहिताना एक तांत्रिक खबरदारी घ्यावी लागते. डीटीपीच्या दुकानात अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप होतो. तो तसाच मेलमध्ये चिकटवला की समोरच्याच्या पडद्यावर निव्वळ चिन्हांचा गोंधळ उमटतो, कारण त्याच्याकडे तो फॉन्ट नसतो. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी मात्र आजच्या बहुतेक मोबाइलवर आणि संगणकावर नीट दिसते. मोबाइलच्या मराठी कळफलकावर लिहिलेला मजकूर युनिकोडमध्येच असतो, त्यामुळे तो थेट चालतो.

पत्त्यात जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर लिहून कंसात जुने नाव द्यावे. २०२४ मध्ये नाव बदलले, पण बाहेरच्या राज्यांतले लोक, कुरिअरच्या याद्या आणि अनेक जुने नकाशे अजून अहमदनगर हेच ओळखतात. पार्सल हरवण्यापेक्षा दोन शब्द जास्त लिहिलेले बरे.

७. उत्तर आले नाही तर

बहुतेक पहिल्या मेलना लगेच उत्तर येत नाही. त्याचा अर्थ नकार असतोच असे नाही. बाबासाहेबांच्या पत्राचे उत्तर सुद्धा सुमारे चार आठवड्यांनी लिहिले गेले. आज तेवढे थांबायचे कारण नाही, पण मेल पाठवल्यावर अर्ध्या तासात ‘मेल टाकलाय, बघा’ असा फोन करायची आपल्याकडची सवय सोडावी. आठवडा-दहा दिवस जाऊ द्यावेत. मग त्याच मेलला जोडून, नवा विषय न घालता, दोन ओळी लिहाव्यात: ‘वरील मेलबद्दल आठवण करत आहे. १५ जूनपासून तोडणी सुरू होईल, त्याआधी नमुना पाठवायचा विचार आहे.’ आठवणीत एखादी नवी, उपयोगी माहिती असावी, जशी इथे तोडणीची तारीख आहे. ‘आपण उत्तर दिले नाही’ हे शब्द कुठेही नसावेत.

त्यानंतरही काही आले नाही तर तो पत्ता सोडून द्यावा आणि दुसऱ्या उत्पादकाला लिहावे. लिंबाची लोणची करणारे ते एकटेच नाहीत.

आणि उत्तर आलेच, तर त्याच दिवशी पोच द्यावी. नमुना कोणत्या तारखेला निघेल ते कळवावे आणि त्या तारखेला तो खरोखर निघेल असे पाहावे. पार्सल दिल्यावर पावतीचा फोटो त्याच मेलच्या साखळीत पाठवावा, म्हणजे खरेदी व्यवस्थापक सुट्टीवर असला तरी त्याच्या जागी बसलेल्याला पेटी कोणाची, कशासाठी आली आणि कोणाला फोन करायचा हे एका जागी सापडते. पेटीच्या आतही एक चिठ्ठी घालावी. तिच्यावर वाण, तोडणीची तारीख, गाव आणि मोबाइल क्रमांक लिहावा.